कलाने घेणारी वीज

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या घरात 'थ्री फेज' हा शब्द केव्हाच मराठी होऊन बसला आहे. 'आज थ्री फेज किती वाजता?' हा प्रश्न तिथे वर्षानुवर्षे 'आज भाजी कोणती?' इतक्याच सहजपणे विचारला गेला. घरात दिवा लागलेला असतो, पंखा फिरत असतो, टीव्हीवर मालिका चाललेली असते. म्हणजे वीज असते. पण विहिरीवरची मोटार मात्र ढिम्म हलत नाही. तिला तीन तारांची वीज हवी आणि ती येणार मध्यरात्री. मग घरधनी बॅटरी घेऊन, विंचूकाट्याची पर्वा न करता शेताची वाट धरतो. वीज असून नसल्यासारखी, हे दुखणे ज्याचे त्यालाच ठाऊक!

हे दुखणे फक्त शेतावरच असते असे मात्र नाही. शहरात, तेही चेन्नईसारख्या यंत्रांच्या शहरात, घरामागच्या शेडमध्ये एखादे जुने यंत्र आणून बसवणाऱ्या कारागिरालाही ते गाठते. त्याच्याकडे विहीर नसते, मिलिंग मशीन असते, एवढाच काय तो फरक.

चेन्नई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मरीना बीच, इडली-डोसा आणि कांजीवरम साड्या येतात. पण या शहराची दुसरी ओळख लोखंडाची आहे. पेरांबूरचा रेल्वे डब्यांचा कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला. एन्नोरला मोटारगाड्यांचा उद्योग उभा राहिला. १९५८ मध्ये गिंडीला आणि पुढच्या दशकात अंबत्तूरला लघुउद्योगांच्या वसाहती वसल्या. अंबत्तूरची वसाहत तर दक्षिण आशियातल्या सर्वांत मोठ्या लघुउद्योग वसाहतींमध्ये गणली जाते. मोठे कारखाने गाड्या बनवतात, पण त्या गाड्यांतली एखादी छोटी कडी, एखादी खाच पाडलेली दांडी, एखादी साच्याची पट्टी अशाच एखाद्या गाळ्यात तयार होते. अशा गाळ्याला तमिळमध्ये 'पट्टरै' म्हणतात. आणि तिथल्या कसबी माणसाला? 'मेस्त्री'! आपला मिस्त्री आणि त्यांचा मेस्त्री हे दोघेही एकाच पोर्तुगीज 'मेस्त्रे'चे वंशज. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कारागीर अंबत्तूरच्या गल्लीत उभा राहिला, तर भाषा सोडली तर त्याला काहीच परके वाटणार नाही. तोच तेलाचा वास, तोच धातूचा कीस, तीच चहाची किटली.

असा एखादा मेस्त्री डोळ्यांपुढे आणावा. वय पन्नाशीच्या पुढे. उमेदीची वर्षे कुणाच्या तरी टूलरूममध्ये गेलेली. बोटांना हजारांश इंचाची जाण. संगणकावर चालणारी यंत्रे आली तसा मोठ्या कारखान्यांनी जुना माल विकायला काढला आणि याने आयुष्याची पुंजी मोडून त्यातले एक मिलिंग मशीन घेतले. एचएमटीचे म्हणा किंवा बंगळूरच्या बीएफडब्ल्यूचे म्हणा. ज्या एचएमटीने आपल्या वडिलांच्या मनगटावर घड्याळ बांधले, तिचा मूळ धंदा अशी यंत्रे बनवण्याचाच. टनाच्या घरातले ते बिडाचे धूड क्रेनने उतरवून शेडमध्ये बसवले, बायकोने हळदकुंकू लावले, नारळ फुटला. आणि मग ध्यानात आले की मोटारीच्या पट्टीवर लिहिले आहे: थ्री फेज, ४१५ व्होल्ट. शेडमध्ये मात्र आहे घरचीच साधी सिंगल फेज, २३० व्होल्टची.

यंत्र घेताना हे दिसले नव्हते का? दिसले होते. पण लग्न ठरवताना मुलाचा स्वभाव दिसतो, पत्रिका दिसते. संसाराचा खर्च मात्र नंतरच कळतो, तसेच हे.

तीन जणींचे दळण

मिलिंग मशीन हे लेथचे भावंड. लेथवर जॉब गरगर फिरतो आणि हत्यार एका जागी धरलेले असते. मिलिंगवर उलटे. इथे दातेरी कटर फिरतो आणि टेबलावर आवळून बांधलेला जॉब त्याच्याखालून हळूहळू सरकतो. सपाट पृष्ठभाग, खाचा, चाव्यांच्या गाळी, गिअरचे दाते ही सगळी त्याची कामे. पोलादाचा थर सोलून काढायचा तर मोटारीत दम हवा आणि तो दम अखंड हवा.

तो अखंड दम तीन तारांतूनच का येतो, हे समजायला जात्यावरचे दळण आठवावे. एकटीच बाई खुंटा ओढते तेव्हा एक क्षण असा येतो की हात पुढे जाऊन थबकतो आणि मग मागे येतो. जाते तिथे किंचित अडखळते. आता कल्पना करा, तीन जणी खुंट्याला लागल्या आहेत. एकीचा जोर ओसरायच्या आत दुसरीचा सुरू होतो, दुसरीचा ओसरायच्या आत तिसरीचा. जाते कुठेच थबकत नाही. थ्री फेज म्हणजे हेच. तिन्ही तारांतली वीज एकमेकींच्या मागे ठरावीक अंतर ठेवून चढते-उतरते आणि मोटारीत फिरते चुंबकत्व आपोआप तयार होते.

सिंगल फेजला हे एकटीने जमत नाही. तिला सुरुवातीचा धक्का लागतो. घरचा पंखा कधी नुसता घुं घुं करत राहतो आणि काठीने पाते ढकलले की फिरू लागतो ना? त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. सुरुवातीच्या धक्क्याचे काम तो छोटासा कंडेन्सरच करत असतो.

फिरत्या चुंबकत्वाची ही कल्पना १८८० च्या दशकातली. इटलीतले फेरारिस आणि अमेरिकेत गेलेले निकोला टेस्ला या दोघांनी स्वतंत्रपणे ती मांडली. थ्री फेज मोटारीला आजचे रूप दिले डोलिवो-डोब्रोवोल्स्की या अभियंत्याने, १८८९ मध्ये. दोनच वर्षांनी लाउफेन गावच्या धबधब्यावरची वीज १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात नेऊन दाखवली गेली. तेव्हापासून जगभरच्या कारखान्यांचे चाक या तीन जणीच फिरवीत आल्या आहेत. या मोटारीला ना ब्रश, ना ठिणगी. बेअरिंगमध्ये ग्रीस भरत राहिले तर पिढ्यान्पिढ्या चालेल अशी. तिचा हट्ट एकच, तिन्ही तारा हव्यात.

तीन वाटा

मेस्त्रीपुढे तीन वाटा असतात.

पहिली सरळ वाट: वीज मंडळाकडे अर्ज करून थ्री फेज जोडणी घ्यायची. चेन्नईत ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. जास्त भार असलेल्या घरांनाही ती मिळते. गाळा स्वतःचा असेल, चार यंत्रे टाकायचा विचार असेल, तर याच वाटेने जावे. शिवाय घरगुती मीटरवर धंद्याचे यंत्र चालवणे नियमात बसत नाही. धंद्यासाठी वेगळी जोडणी आणि वेगळा दर असतो. तो अर्ज कोणत्याही वाटेने गेले तरी चुकत नाही. पण शेड भाड्याची असली तर? घरमालकाची संमती, वाढीव भार, अनामत रक्कम, नवा मीटर, नवी केबल आणि उद्या जागा सोडावी लागली तर हे सगळे तिथेच ठेवून जायचे. एका मशीनच्या माणसाला हे परवडतेच असे नाही.

दुसरी वाट जुगाडाची. ती आपल्या शेतकऱ्यांनाही चांगली ठाऊक आहे. कंडेन्सर लावून उरलेल्या तारेची नक्कल करायची आणि मोटार चालवायची. मोटार चालतेही. पण तिन्ही जणींपैकी एकीच्या अंगात जोरच नसतो. मोटार तापते, घुरघुरते आणि एक दिवस जळून बसते. याचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे एक रिकामी थ्री फेज मोटार सतत फिरती ठेवून तिच्याकडून तिसरा फेज तयार करून घ्यायचा. हे बऱ्यापैकी चालते. मात्र एका मोटारीसाठी दुसरी मोटार दिवसभर पोसायची आणि तिचा आवाजही ऐकायचा.

तिसरी वाट म्हणजे भिंतीवर लटकवायची एक पेटी. तिचे नाव व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह. बाजारात तिला 'व्हीएफडी' किंवा नुसते 'ड्राइव्ह' म्हणतात. आकार जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. एका बाजूने घरची सिंगल फेज आत जाते, दुसऱ्या बाजूने तीन तारा बाहेर येतात. जादूच वाटावी अशी ही गोष्ट. पण पी हळद आणि हो गोरी असा हा मामला नाही.

टाकी आणि सहा चाव्या

पेटीच्या आत काय चालते, हे चेन्नईच्या माणसाला पाण्याच्या भाषेत पटकन समजते. पाणी साठवायची सवय त्याला शिकवावी लागत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव कोरडे पडले तेव्हा टँकरच्या रांगेत त्यानेही घागरी लावल्या होत्या. नळाला पाणी कसेही, कधीही येवो. एकदा ते गच्चीवरच्या टाकीत चढवले की खालच्या तोट्या आपल्या हातात.

पेटीही तेच करते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा चढउतार करते. पेटी आधी तिला एका दिशेची करून कंडेन्सरच्या टाकीत साठवते. तिथे दाब भरतो सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास. मग सहा इलेक्ट्रॉनिक चाव्या सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्या साठ्यातून तीन नव्या लाटा घडवतात. लाटा आपणच घडवायच्या म्हटल्यावर त्या सेकंदाला ५० च असाव्यात अशी सक्ती कुठे उरली? २५ करा, मोटार निम्म्या वेगाने फिरेल. ७० करा, दीडपटीच्या जवळ जाईल. आजवर मोटारीला विजेच्या चालीने चालावे लागत होते. आता वीज मोटारीच्या कलाने घेऊ लागली.

इथे एक पाचर मात्र आहे. टाकीत जेवढे पाणी चढले त्याहून उंच कारंजे उडत नाही. २३० व्होल्टवर चालणारी साधी पेटी बाहेरही २३० च्या वर जात नाही आणि मोटार मागते ४१५. मग पेटी वाया गेली का? नाही. कोडे सुटते ते मोटारीच्या पोटात.

आपल्याकडच्या लहान, साधारण तीन हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटारींत तिन्ही वेटोळ्यांची एकेक टोके आत एकत्र बांधलेली असतात. या जोडणीला स्टार म्हणतात. स्टारमध्ये प्रत्येक वेटोळ्याच्या वाट्याला प्रत्यक्षात २४० व्होल्टच येतात. २४० ला १.७३२ ने गुणले की ४१५ होतात, तो हिशेब हाच. म्हणजे ती आतली गाठ सोडवून, सहाही टोके बाहेर काढून त्रिकोणात म्हणजे डेल्टात जोडली, की तीच मोटार २३०-२४० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते. तार प्रवाह जास्त घेते, पण वेटोळ्याला फरक कळतही नाही.

ही गाठ सोडवणे हे काम वाइंडिंगवाल्याचे. लाख आणि दोऱ्याने घट्ट बांधलेल्या तारांच्या जुडग्यातून तो नेमका जोड शोधतो, इन्शुलेशन न दुखावता सोडवतो, नव्या तारा जोडून बाहेर आणतो आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधतो. मोटार मोठी आणि आधीच डेल्टात असेल तर तो स्पष्ट सांगतो, 'अण्णा, इथे ही युक्ती चालायची नाही.' अशा मोटारीसाठी थ्री फेजच घ्यावी किंवा मोटार तरी बदलावी. पेटी विकत घ्यायच्या आधी मोटारीवरची पट्टी वाचावी, हे म्हणूनच शहाणपणाचे.

मद्रासचा जयंत

त्या सहा चाव्यांची गोष्ट चेन्नईकरांनी कौतुकाने सांगावी अशी आहे.

वेगबदल करणाऱ्या पेट्या काही काल-परवाच्या नव्हेत. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीने १९६८ मध्ये त्या मोठ्या प्रमाणावर बाजारात आणल्या. फिनलंडच्या स्ट्रोंबर्ग कंपनीच्या अशाच यंत्रणेवर १९८२ मध्ये हेलसिंकीची मेट्रो धावू लागली. पण तेव्हाच्या चाव्या अवजड, महाग आणि हट्टी होत्या. एका जातीची चावी मोठा प्रवाह पेलायची, पण तिला उघडझाप करायला लावायचे तर तेवढाच मोठा खटाटोप. दुसऱ्या जातीची चावी नुसत्या इशाऱ्यावर चालायची, पण दाब वाढला की दमायची.

२८ एप्रिल १९४८ रोजी मद्रासमध्ये एक मुलगा जन्मला, बंटवाल जयंत बालिगा. बालिगा हे मंगळूरकडच्या कोंकणी सारस्वतांत आढळणारे आडनाव. वडील अभियंते. बालपण बंगळूरजवळच्या जलाहळ्ळीत गेले आणि शिक्षणासाठी मुलगा पुन्हा मद्रासला आला. पश्चिम जर्मनीच्या मदतीने १९५९ मध्ये उभी राहिलेली, गिंडीच्या रानात हरणांच्या सोबतीने वसलेली आयआयटी तेव्हा नवीनच होती. १९६९ मध्ये तिथून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन जयंत अमेरिकेला गेले आणि १९७४ पासून जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी इथल्या प्रयोगशाळेत काम करू लागले.

ते दिवस तेलटंचाईनंतरचे. वीज वाचवायची तर मोटारींचा वेग गरजेप्रमाणे बदलता आला पाहिजे आणि त्यासाठी स्वस्त, आज्ञाधारक चावी हवी, असा कंपनीचा ध्यास होता. १९८० मध्ये बालिगांनी दोन्ही जातींच्या चाव्यांचे गुण एकाच सिलिकॉनच्या तुकड्यात आणण्याची रचना मांडली. देवळातला हत्ती कसा माहुताच्या पायाच्या नुसत्या स्पर्शाने वळतो! ताकद हत्तीची आणि इशारा अंगठ्याचा. तसेच हे. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्श यांनी पाठबळ दिले. १९८२ मध्ये बालिगांनी ही रचना अभियंत्यांच्या परिषदेत जगापुढे ठेवली. आज तिला आयजीबीटी म्हणतात. अर्थात अशी गोष्ट एकट्याची नसते. याच काळात अमेरिकेत इतरही या वाटेने शोध घेत होते आणि पुढे जपानमध्ये तोशिबाच्या नाकागावा यांनी तिच्यात मोलाची सुधारणा केली. पण तिला प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंत नेण्यात बालिगांचा वाटा मोठा. अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना मिळाले आणि २०२४ मध्ये फिनलंडने त्यांना दहा लाख युरोचे मिलेनियम टेक्नॉलॉजी पारितोषिक दिले.

आपल्या दिवाणखान्यातला 'इन्व्हर्टर एसी' हा याच चावीचा चमत्कार. वीज गेल्यावर दिवे लावणारा बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा, हा वेगळा. खोली गार झाली की एसी खाडकन बंद न होता आपला वेग कमी करतो, तो या उघडझापीमुळे. इंडक्शन शेगडी, विजेवरची मोटारगाडी, मेट्रो, पवनचक्की, सगळीकडे हीच चावी किंवा तिची भावंडे. मद्रासमध्ये जन्मलेल्या, तिथेच शिकलेल्या मुलाची ही कल्पना अशी जगभर फिरून अंबत्तूरच्या भिंतीवर येऊन लटकते. ज्या डॅनफॉसने या पेट्या आधी आणल्या तिचाही मोठा प्रकल्प आज चेन्नईजवळच्या ओरगडमला आहे.

वेग आला, दम गेला

पेटी लागली, मोटार डेल्टात आली, बटण दाबले आणि ते बिडाचे धूड ना धक्का, ना उचकी, हळूच फिरू लागले. मेस्त्रीच्या चेहऱ्यावरचा आनंद सांगायला नको. पण खरी परीक्षा यानंतरच सुरू होते.

कटरला नेमका वेग लागतो. साध्या पोलादावर हायस्पीड स्टीलचा २० मिलिमीटरचा कटर मिनिटाला सुमारे ४०० फेऱ्यांनी फिरवावा. ॲल्युमिनियम असेल तर तोच कटर त्याच्या चौपट वेगाने चालतो. कटरचा व्यास १०० मिलिमीटर झाला तर पोलादावर फेऱ्या ८० पर्यंत उतरतात. पूर्वी हे सारे पट्टे आणि गिअर बदलून साधायचे आणि जो वेग गिअरमध्ये आहे तोच घ्यायचा. आता कटर किणकिणू लागला की गुंडी किंचित फिरवायची. आवाज गोड झाला की थांबायचे. गवई तानपुरा लावताना खुंटी पिळतो, तसे. मेस्त्रीच्या कानात तीस वर्षांचे जे शहाणपण साठलेले असते, त्याला ही गुंडी प्रथमच मोकळीक देते.

मात्र गुंडीवर विसंबून गिअर विसरला की फसगत ठरलेली. दोन हॉर्सपॉवरची मोटार २५ फ्रिक्वेन्सीवर चालवली की तिची ताकद एकच हॉर्सपॉवर उरते. शिवाय मोटारीच्या शेपटाशी असलेला पंखाही निम्म्याच वेगाने फिरतो, म्हणजे तापायला मोटार मोकळी. गिअरने वेग कमी केला तर दम वाढतो, पेटीने कमी केला तर वाढत नाही. म्हणून जाणता माणूस मोठा बदल गिअरने करतो आणि बारीक बदल पेटीने. पेटी आली म्हणून गिअर काढून टाकणे म्हणजे मिक्सर आला म्हणून खलबत्ता फेकून देण्यासारखे. वेळ आली की तो लागतोच.

आणखीही पथ्ये आहेत आणि ती जिवाशी गाठ घालणारी आहेत. यंत्राचा जुना सुलट-उलट खटका पेटी आणि मोटार यांच्यामध्ये ठेवायचा नाही. चालू प्रवाह मध्येच तोडला तर पेटी जाते. यंत्र सुरू-बंद करायच्या तारा पेटीच्या आज्ञेच्या टोकांनाच जोडायच्या. कूलंटचा पंप आणि यंत्रावरचा दिवा याच तीन तारांवर टांगायचा नाही, त्यांची सोय वेगळी. अर्थिंगमध्ये कुचराई नाही. मुख्य बटण बंद केल्यावरही टाकीतला दाब लगेच उतरत नाही. पेटीवर लिहिलेली मिनिटे थांबूनच झाकण उघडायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गेलेली वीज परत आल्यावर यंत्र आपसूक सुरू होता कामा नये. २०१२ मध्ये तमिळनाडूत विजेची मोठी टंचाई होती. चेन्नईत रोज दोन तास आणि बाहेरच्या जिल्ह्यांत त्याहून कितीतरी जास्त वीज जायची. अंधारात कटर पुसायला हात घातला आणि तेवढ्यात वीज आली तर? म्हणून ही सोय पेटीत नीट बंद आहे ना, हे लावतानाच पाहायचे. 'नंतर बघू' म्हणण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

ही सर्व कामे जाणत्या वायरमनकडून करून घ्यावीत, हे वेगळे सांगायला नकोच.

लोखंड वाळते, पेटी वाळत नाही

चेन्नईची हवाही पेटीची सत्त्वपरीक्षा पाहते. मे महिन्यात तिथे 'अग्नि नक्षत्रम'चे दिवस येतात. पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी उभे राहवत नाही. पेटी बहुधा चाळीस अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असते, त्यावर तिच्याकडून कमी काम घ्यावे लागते. त्यात समुद्राची खारट दमट हवा आणि वर उडणारा धातूचा कीस! एक बारीक कण आत शिरला तरी खेळ खलास. म्हणून तिला यंत्रापासून दूर, बंद पण हवेशीर कपाटात बसवतात. घरात देवघराची जागा विचार करून ठरवतात, तशीच या कपाटाचीही ठरवावी लागते.

आणि पाऊस? डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचाँग' चक्रीवादळाच्या वेळी अंबत्तूरच्या गाळ्यांत पाणी शिरले. छोट्या उद्योजकांची यंत्रे पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर बिडाचे मशीन धुऊन, पुसून, तेलपाणी करून पुन्हा उभे करता येते. मोटारही भट्टीत वाळवून वाचवता येते. पेटीतला इलेक्ट्रॉनिक पाट मात्र एकदा बुडाला की बुडाला. ज्यांनी ती माणसाच्या डोक्याच्या उंचीवर लावली, ते सुटले. कमरेएवढ्या उंचीवर लावणाऱ्यांना नवी पेटी घेण्यावाचून गत्यंतर नाही.

मग हा सारा खटाटोप कशासाठी? कारण त्या मशीनवर एका घराची चूल पेटते. मोठ्या कारखान्याच्या दृष्टीने जे भंगारात गेले होते, त्यावर आज कुणीतरी गिअरचा एखादा तुटका दाता दुरुस्त करतो, बंद पडलेल्या छापखान्याचा सुटा भाग घडवतो, शेजारच्या मुलाला धंदा शिकवतो. नवे संगणकीय यंत्र घेणे त्याच्या आवाक्यात नाही आणि पुन्हा कुणाची नोकरी करायचे त्याचे वय नाही. तीन तारांच्या हट्टापायी ते यंत्र पडून राहिले असते, तर त्याबरोबर तीस वर्षांचा हातही पडून राहिला असता. हिशेबाच्या वहीत पेटीची किंमत खर्चाच्या बाजूला पडते. जमेच्या बाजूला काय पडले, हे त्याच्या बायकोला महिन्याच्या अखेरीस बरोबर समजते.

आपल्याकडे नवरात्रात खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पुजतात. चेन्नईत त्याच दिवशी आयुधपूजा असते. पट्टरै झाडून-पुसून लख्ख होते. प्रत्येक यंत्राला चंदन-कुंकवाचा टिळा लागतो, केळीचे खुंट बांधले जातात, चुरमुरे आणि गूळ वाटला जातो, कुंकू भरलेला कोहळा दारात फोडला जातो. त्या दिवशी कोणतेही यंत्र चालवायचे नाही. लेथला टिळा, मिलिंगला टिळा, ग्राइंडरला टिळा आणि आता त्या भिंतीवरच्या पेटीलाही टिळा.

तरीही पेटीचे आयुष्य बिडाच्या आयुष्याएवढे नाही, हे मेस्त्री जाणून असतो. दहा-पंधरा वर्षांत तिचे कंडेन्सर थकतील, तिची जागा दुसरी पेटी घेईल; मशीन मात्र त्याच्यानंतरही चालत राहील. म्हणून जाणता मेस्त्री एक काम आठवणीने करतो. मोटार डेल्टात आणल्याचे, कोणत्या टोकाला कोणती तार आहे त्याचे आणि पेटीत कोणते आकडे भरले आहेत त्याचे टिपण एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो. त्यावर खाली तमिळमध्ये एक ओळ असते: ही मोटार आता ४१५ व्होल्टवर लावू नये. पुढे ज्याच्या हाती हे यंत्र जाईल त्याने आधी हे दार उघडून वाचावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.